बोटीची थरथर : दुखणे ओळखावे कसे?

मुंबई बंदरातून पलीकडच्या किनाऱ्याकडे लाँचने जा-ये करणाऱ्या प्रवाशाला एक अनुभव परिचयाचा असतो. धक्का मागे पडतो, इंजिनाचा आवाज एका लयीत स्थिरावतो, वर्तमानपत्रे उघडली जातात आणि मध्येच केव्हातरी पायाखालची फळी थरथरू लागते. छताला अडकवलेल्या लाइफजॅकेटांचे बंद हलू लागतात. दोन-तीन मिनिटे असे चालते आणि मग काहीच घडले नसल्यासारखे सारे शांत होते. प्रवासी पुन्हा वर्तमानपत्रात डोके घालतो. सारंगाच्या मनात मात्र एक किल्मिष राहून जाते.

या किल्मिषाला कारण आहे. सतत येणारी थरथर फारशी फसवत नाही. ती कारागिरापुढेही तितक्याच जोराने येते आणि त्यामुळे सापडते. कधी येणारी व कधी न येणारी थरथर मात्र मिस्त्री बोटीवर चढताच नाहीशी होते. मग अंदाजाने दुरुस्ती सुरू होते. आज इंजिनाचे रबर बदलले, उद्या पंखा उतरवला, परवा शाफ्ट खरादावर चढवला. खर्च वाढत जातो आणि थरथर आपली जागच्या जागी राहते. असे दुखणे हत्यार हाती घेऊन सापडत नाही. ते आधी वही हाती घेऊन शोधावे लागते. थरथर कशाने येते, याहून ती कधी येते हा प्रश्न पहिला विचारला, तर निम्मे निदान धक्क्यावरच होते.

इंजिनापासून पंख्यापर्यंत

ज्या बोटीचे इंजिन मागच्या फळीला टांगलेले नसून बोटीच्या पोटात बसवलेले असते, ती इनबोर्ड बोट. आपल्या किनाऱ्यावरील प्रवासी लाँच, मोठे मच्छीमार ट्रॉलर आणि गस्तीच्या अनेक नौका या प्रकारात मोडतात. त्यांत शक्तीचा प्रवास बहुधा एका सरळ रेषेत होतो. डिझेल इंजिनाला जोडलेला गिअरबॉक्स फेऱ्यांची गती कमी करतो. गिअरबॉक्सच्या मागच्या तबकडीला, म्हणजे कपलिंगला, शाफ्ट जोडलेला असतो. हा शाफ्ट बोटीच्या तळातून बाहेर पाण्यात जातो. तो जेथून बाहेर पडतो, तेथे पाणी आत येऊ नये म्हणून ग्लँड असते. बाहेर ब्रॅकेटमधील रबरी बेअरिंग शाफ्टला आधार देते. शेवटी पंखा आणि त्यामागे सुकाणू.

या साखळीतील कोणताही दुवा ढिला, वाकडा किंवा झिजलेला असला, तर बोट थरथरते. पंचाईत अशी, की थरथर जेथे जाणवते तेथेच तिचे मूळ असेल असे नाही. बोटीचा सांगाडा कंप दूरवर वाहून नेतो. मागच्या पंख्याला लागलेला धक्का पुढच्या केबिनच्या दाराला खडखडवू शकतो. म्हणून केवळ आवाजाच्या दिशेने जाणारा माणूस हमखास चुकतो.

वहीतील आठ प्रश्न

थरथर आली की सारंगाने किंवा इंजिनड्रायव्हरने पुढील नोंदी कराव्यात. त्या वेळी इंजिनाचे फेरे किती होते? गिअर पुढे होता, मागे होता की न्यूट्रलमध्ये? बोट सरळ जात होती की वळत होती? प्रवासी व माल किती होता? टाकीत डिझेल किती होते? धक्का सोडून किती मिनिटे झाली होती? पाणी खोल होते की उथळ, लाटा कोणत्या बाजूने होत्या? आणि थरथर गेली ती आपोआप गेली, की काही केल्यावर गेली?

शेवटचा प्रश्न सर्वांत मोलाचा आहे. इंजिनाचे फेरे कमी करताच थरथर गेली, हा एक प्रकार. सुकाणू सरळ करताच गेली, हा दुसरा. क्षणभर गिअर मागे टाकल्यावर गेली, हा तिसरा. तिन्हींची कारणे वेगळी असतात. आठ-दहा फेऱ्यांच्या नोंदी जमल्या, की जी थरथर लहरी वाटत होती तिचीही शिस्त दिसू लागते.

उदाहरणार्थ, थरथर फक्त १,४०० ते १,५०० फेऱ्यांच्या दरम्यान येत असेल आणि त्याच्या खाली-वर नसेल, तर तो अनुनादाचा प्रकार असण्याची शक्यता मोठी. प्रत्येक वस्तूला कंपनाची स्वतःची एक गती असते. इंजिनाचे किंवा शाफ्टचे झटके त्या गतीशी जुळले, की छोटासा दोषही मोठा होऊन जाणवतो. प्रवाहाविरुद्ध जाताना सारंग फेरे वाढवतो, अनुकूल प्रवाहात कमी करतो. त्यामुळे हीच थरथर एका फेरीत येते आणि दुसऱ्या फेरीत येत नाही. वरवर पाहता ती लहरी दिसते. प्रत्यक्षात ती फेऱ्यांशी बांधलेली असते.

थोडे गणित

इंजिन मिनिटाला १,८०० फेरे घेत आहे आणि गिअरबॉक्स ते निम्मे करतो, असे समजू. म्हणजे शाफ्ट मिनिटाला ९०० फेरे, सेकंदाला १५ फेरे घेतो. शाफ्ट वाकला असेल किंवा पंख्याचा तोल गेला असेल, तर सेकंदाला १५ झटके बसतील. पंख्याला तीन पाती असतील आणि पात्यांजवळून पाणी नीट वाहत नसेल, तर झटके सेकंदाला ४५. सहा सिलिंडरांच्या फोर-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक फेऱ्याला तीन ज्वलने होतात, म्हणजे सेकंदाला ९०. संथ, जड हेलकाव्यासारखी थरथर शाफ्टकडे बोट दाखवते, तर बारीक गुणगुण पाती किंवा इंजिनाकडे.

हल्लीच्या मोबाइल फोनमध्ये हालचाल मोजणारा संवेदक असतो आणि त्याच्या साहाय्याने कंपनाची गती दाखवणारी साधी अॅप्लिकेशने मिळतात. फोन इंजिनाच्या पायथ्याशी आणि मग मागच्या बाजूला ग्लँडजवळच्या लाकडावर ठेवून मोजणी केली, तर सेकंदाला १५-२० पर्यंतची संथ थरथर पुरेशी स्पष्ट टिपता येते.

मात्र या गणितात एक सापळा आहे. फोर-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो. सहापैकी एकच सिलिंडर नीट पेटत नसेल, तर १,८०० फेऱ्यांना त्याचा झटका सेकंदाला १५ वेळाच बसतो. म्हणजे गिअरबॉक्स फेरे निम्मे करणारा असेल, तर वाकडा शाफ्ट आणि चुकणारा सिलिंडर दोघेही एकाच आकड्यावर येतात. नुसत्या आकड्यावर भिस्त ठेवणारा येथे फसतो. त्यासाठी पुढची परीक्षा आवश्यक ठरते.

इंजिन की शाफ्ट?

पहिली परीक्षा धक्क्याला बांधलेल्या बोटीत, न्यूट्रलमध्ये. इंजिन हळूहळू सर्व फेऱ्यांतून न्यावे. थरथर येथेच आली तर शाफ्ट व पंखा बव्हंशी निर्दोष सुटतात. मग इंजिनाखालचे रबरी पाय तपासावेत. तेलाने फुगलेले रबर, सैल झालेला नट, तडा गेलेला ब्रॅकेट हे नेहमीचे आरोपी. मंद फेऱ्यांवर गिअर टाकताच खडखड होत असेल आणि फेरे वाढवताच ती थांबत असेल, तर इंजिन व गिअरबॉक्स यांच्यामधील डँपर प्लेटच्या स्प्रिंग तुटल्या असण्याचा संभव असतो.

दुसरी परीक्षा मोकळ्या पाण्यात. थरथर आली की आधी फेरे उतरवावेत, गिअर न्यूट्रलमध्ये आणावा आणि मग क्षणभर फेरे पूर्वीइतके वाढवून पाहावेत. थरथर राहिली तर दोष इंजिनात. ती गेली तर दोष मागे असू शकतो, किंवा फक्त ओझे पडल्यावर अडखळणाऱ्या इंजिनात. या दोहोंतील फरक धूर सांगतो. पंख्यात काही अडकले असेल तर इंजिनावर ओझे वाढते, फेरे खाली येतात, धूर काळा होतो आणि पाण्याचे तापमान चढते. इंजिनाला डिझेल कमी पडत असेल तर फेरे खाली येतात खरे, पण काळा धूर दिसत नाही. पांढरट धूर आणि अडखळता आवाज हे एखादा सिलिंडर पेटत नसल्याचे लक्षण.

कोणता सिलिंडर चुकतो हे पाहण्यासाठी जुन्या पद्धतीच्या इंजिनात एकेका इंजेक्टरचा पाइप किंचित सैल करून पाहण्याची रीत आहे. ते जाणत्या मिस्त्रीचेच काम. नव्या कॉमन रेल पद्धतीच्या इंजिनावर हा प्रयोग कदापि करू नये. त्यातील डिझेलचा दाब इतका प्रचंड असतो, की बारीक धारही कातडीतून शरीरात शिरते. तेथे संगणकीय तपासणीच हवी.

पंख्याचे दुखणे

मुंबईच्या पाण्यात प्लॅस्टिकच्या पिशव्या, नायलॉनच्या दोऱ्या आणि तुटलेल्या जाळ्यांचे तुकडे यांना तोटा नाही. पिशवी पात्याला गुंडाळली जाते, बोट थरथरते, काही वेळाने पिशवी सुटून जाते आणि थरथरही जाते. हे झाले अचानक येणाऱ्या थरथरीचे सर्वांत साधे कारण. बोट थांबवून क्षणभर गिअर मागे टाकल्यास पिशवी बहुधा सुटते. मात्र दोरी किंवा जाळे असल्याची शंका असेल तर हा उपाय करू नये. ते अधिकच घट्ट आवळले जाते आणि ग्लँड किंवा ब्रॅकेटला इजा होते. अशा वेळी इंजिन बंद करून, चावी काढून खिशात ठेवल्यावरच पाण्यात माणूस उतरवावा.

आठवडेच्या आठवडे एका जागी उभ्या असलेल्या बोटीच्या पंख्यावर कवचाचे समुद्री जीव वस्ती करतात. एका पात्यावर जास्त आणि दुसऱ्यावर कमी अशी ती वाढली, की पंख्याचा तोल जातो. शाफ्टवर बसवलेला जस्ताचा तुकडा, जो पंख्याऐवजी स्वतः झिजून त्याचे गंजण्यापासून रक्षण करतो, तो सैल झाला तरी मधूनच खडखड होते. पंख्याचा नट किंवा चावीखाचेतील चावी सैल असेल, तर गिअर बदलताना ठक्क असा आवाज येऊन मग थरथर सुरू होते.

पात्यांच्या पाठीवर पाण्याचा दाब फार उतरला, की तेथे पाण्याची वाफ होऊन बुडबुडे बनतात आणि ते फुटताना पात्यावर बारीक घाव घालतात. याला कॅव्हिटेशन म्हणतात. चार्ल्स पार्सन्स यांच्या 'टर्बिनिया' या १८९४ मधील वाफेच्या टर्बाइनवर चालणाऱ्या नौकेला याच दोषाने प्रथम हैराण केले होते. अफाट शक्ती असूनही एकाच पंख्यावर ती अपेक्षित वेग घेईना. पार्सन्स यांनी तीन शाफ्टवर मिळून नऊ पंखे बसवले आणि १८९७ मध्ये ब्रिटिश आरमाराच्या स्पिटहेड येथील पाहणीत ती सर्वांच्या नजरेत भरली. आपल्या बोटींतही खडे खळखळल्यासारखा आवाज केवळ भरधाव वेगात किंवा जड ओझ्याखाली येत असेल, तर पात्यांच्या कडा वाकल्या आहेत काय, पंखा बोटीला योग्य मापाचा आहे काय, हे पाहावे. उथळ पाण्यात तळाखालचा प्रवाह आक्रसतो आणि तेवढ्यापुरती थरथर वाढते. खोल पाण्यात ती जात असेल तर वेग कमी करणे हाच उपाय.

शाफ्ट, बेअरिंग आणि कपलिंग

ब्रॅकेटमधील रबरी बेअरिंगला तेल लागत नाही, समुद्राचे पाणीच त्याचे वंगण. पण पाणी गाळाने भरलेले असेल तर तोच गाळ रबराची आणि शाफ्टची झीज करतो. बोट किनाऱ्यावर ओढल्यावर पंखा हाताने वर-खाली हलवून पाहावा. २५ मिलिमीटर जाडीच्या शाफ्टला दीड मिलिमीटरच्या आसपास खेळ असेल तर बेअरिंग बदलण्याची वेळ झाली, हा साधारण अडाखा आहे. झिजलेल्या बेअरिंगची थरथर वळताना किंवा विशिष्ट फेऱ्यांवर प्रथम जाणवते. सरळ वाटेवर शाफ्ट आपली जागा धरून ठेवतो. थरथर केवळ सुकाणू वळवल्यावर येत असेल, तर सुकाणूच्या दांड्याचे बेअरिंगही हलवून पाहावे.

कपलिंगच्या दोन तबकड्या एकमेकींना समांतर असणे महत्त्वाचे. १०० मिलिमीटर व्यासाच्या तबकड्यांमधील फटीत वरून, खालून आणि दोन्ही बाजूंनी मिळून ०.१ मिलिमीटरहून अधिक फरक नसावा. हा फरक फीलर गेजच्या पात्यांनी मोजतात. येथे एक उपयुक्त युक्ती आहे. बोल्ट काढून फक्त शाफ्टची तबकडी पाव-पाव फेरा फिरवत मोजणी करावी. मोठी फट एकाच जागी राहिली तर इंजिन रेषेत नाही. ती तबकडीबरोबर फिरत गेली तर शाफ्ट किंवा तबकडीच वाकडी आहे.

ही मोजणी बोट पाण्यात असताना, नेहमीच्या वजनासह करावी. किनाऱ्यावर टेकूंवर उभ्या बोटीचा आकार वेगळा असतो. पाण्यात उतरल्यावर, विशेषतः लाकडी बोट फुगल्यावर, तो बदलतो. भरलेल्या बोटीत थरथर आणि रिकाम्या बोटीत शांतता, असा अनुभव येतो तो यामुळेच.

ग्लँडचाही विचार व्हावा. जुन्या पद्धतीच्या ग्लँडमधून शाफ्ट फिरताना मिनिटाला दोन-चार थेंब गळणे योग्यच. गळती पूर्ण थांबावी म्हणून कोणी ती जास्त आवळली, तर पॅकिंग तापते, शाफ्टला पकडते आणि अर्ध्या तासाने थरथर किंवा चिरका आवाज सुरू होतो. बोट थंड झाली की सारे ठीक. शाफ्ट थांबल्यावर ग्लँडला हात लावून पाहिला तर उत्तर तळहाताला कळते.

एक कल्पित उदाहरण

समजा, एका लाँचची थरथर रोज सकाळच्या पहिल्या फेरीत, निघाल्यापासून वीस-पंचवीस मिनिटांनी येते. धक्क्याला लागून इंजिन बंद होते आणि पुढच्या फेरीत ती पुन्हा उशिराने, सौम्यपणे येते. संध्याकाळी तर येतच नाही. मालकाने पंखा तपासला, रबरे बदलली. उपयोग शून्य. वहीत मात्र दोन गोष्टी दिसतात. थरथर येते तेव्हा फेरे पन्नास-साठने खाली येतात, धूर काळा होत नाही. आणि सकाळी टाकी काठोकाठ भरलेली असते.

येथे संशय टाकीच्या हवेच्या नळीवर जातो. डिझेल बाहेर जाते तेवढी हवा आत यावी लागते. नळी बंद असेल तर टाकीत निर्वात वाढत जातो आणि इंजिन उपाशी राहून अडखळते. टाकी भरलेली असताना वरची मोकळी जागा थोडी असते, म्हणून दोष लवकर प्रकटतो. थरथर आली असताना टाकीचे झाकण सैल केले, फुस्स आवाज झाला आणि इंजिन सुधारले, तर निदान पक्के. नळीच्या तोंडाशी पाहावे तर मातीचे घर बांधणाऱ्या कुंभारीण माशीने ते लिंपून टाकलेले असू शकते. दुरुस्तीला लागते ती एक तार.

दोष नसलेली थरथर

दोन इंजिनांच्या बोटीत थरथर ठरावीक अंतराने येत-जात असेल तर घाबरण्यापूर्वी दोन्ही फेरेमापक पाहावेत. एक इंजिन १,८०० आणि दुसरे १,७८८ फेऱ्यांवर असेल, तर निम्म्या गतीच्या शाफ्टांत मिनिटाला सहा फेऱ्यांचा फरक पडतो. दर दहा सेकंदांनी दोघांचे झटके एकत्र येतात आणि मग एकमेकांना छेद देतात. दोन्ही इंजिनांचे फेरे जुळवले की ही लाट नाहीशी होते.

थरथर आणि तळातले पाणी

एवढा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न प्रवाशाला पडू शकेल. थरथर ही केवळ गैरसोय नाही. सतत कंप पावणारा शाफ्ट ग्लँडचे पॅकिंग खातो, बोल्ट सैल करतो, धातूला आतून थकवतो. शाफ्ट तुटून किंवा कपलिंगमधून निसटून मागे सरकला आणि तो सुकाणूवर अडला नाही, तर त्याच्या जाडीएवढ्या भोकातून समुद्र आत येतो. म्हणून नवी थरथर जाणवताच तीन गोष्टी क्रमाने कराव्यात. वेग उतरवावा, तळात पाणी वाढते आहे काय ते पाहावे आणि मगच कारणाचा विचार करावा. शाफ्टच्या मापाची लाकडी खुंटी ग्लँडजवळ बांधून ठेवणे ही जुनी, स्वस्त आणि शहाणी सवय आहे. फिरत्या शाफ्टजवळ सैल कपडे किंवा हात कधीही नेऊ नयेत, हे वेगळे सांगायला नकोच.

पावसाळ्यात मासेमारी बंद असते आणि बोटी किनाऱ्यावर शाकारलेल्या असतात. पंखा, बेअरिंग आणि सुकाणू हाताने हलवून पाहण्याचा काळ तोच. मात्र काय पाहायचे, हे हंगामभर लिहिलेल्या वहीने सांगितलेले असावे. तपासणीचा क्रम नेहमी स्वस्ताकडून महागाकडे जावा. आधी नोंदी, मग नट-बोल्ट, मग डिझेलचे गाळणे व हवेची नळी, मग पंख्याची सफाई, मग कपलिंगची मोजणी आणि अगदी शेवटी शाफ्ट उतरवणे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, म्हणजे कशाने गुण आला ते कळते.

नियमित प्रवाशांनीही यात थोडा हातभार लावावा. थरथर नेहमीपेक्षा वेगळी वाटली, तर ती कुठे व केव्हा जाणवली हे सारंगाला जरूर सांगावे. इंजिनाजवळ उभ्या माणसाला जे ऐकू येत नाही, ते कधी कधी मागच्या बाकावर बसलेल्याला कळलेले असते.